दंवातला ठोका

सुलक्षणाच्या झटका मशीनला ठोका होता, आणि त्या ठोक्यावर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. टक्. जरा थांबून परत टक्. शेताच्या कुंपणाच्या तारेत झटका यायचा तो ठोक्यापुरताच, मधल्या वेळेत तार मुकी. त्या मुक्या वेळेतच जनावर मागं सरतं, आणि चुकून माणसाचा हात लागला तर सुटतो. उसातली रानडुकरं आणि बिबटे पार गोठ्यापर्यंत यायला लागल्यापासून भांडगाव-कासुर्डीकडं अशा मशीनला गिऱ्हाइकांची वाण नव्हती.

हिचं मशीन स्वस्त, कारण ठोक्यासाठी हिनं महागडा क्रिस्टल घातला नव्हता की प्रोग्रामवाली चिप. आठ पायांची साधी आयसी, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, आणि ठोका हवा तसा जलद-मंद करायला एक बारका स्क्रू. रांजणगावच्या कंपनीत बोर्ड तपासता तपासता ती हे शिकली होती. ठोका जुळला की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकायची, म्हणजे कुणी हात लावला तर लगेच कळावं. ठोका जलद केला की मशीनची ताकद वाढते, अशी लोकांची समजूत. त्यामुळं मशीन देताना ती प्रत्येकाला दम भरायची, "स्क्रूला हात लावला तर माझ्याइतकी वाईट न्हाई."

म्हणून दिवाळीनंतर एका सकाळी कासुर्डीच्या एका गिऱ्हाइकाचा, चांगदेवमामांचा फोन आला तेव्हा तिला आधी रागच आला.

"पोरी, मशीन येड्यागत वाजतंय," मामा सांगत होते. "ताईबाईचा हात तारंला चिकटला व्हता. बॅटरीची वायर उपटली तवा सुटला."

फिरवला असणार स्क्रू, दुसरं काय!

स्कूटीवरून ती पोचेस्तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. मामांनी बॅटरी जोडली. टक्. टक्. मशीन अगदी शहाण्यासारखं चाललेलं.

"मामा, खरं सांगा. स्क्रू कुणी फिरवला?"

मामांचा चेहरा पडला. "आम्ही डबाबी उघडला न्हाई. खोटं कशापायी बोलू?"

त्यांची बायको ताईबाई मशीनपाशी आली. तिनं उजवा हात पुढं केला. तळव्यावर लाल वळ उठला होता आणि बोटं सुजून मूठ मिटत नव्हती. मग म्हणाली, "दंव पडलं की वाजतंय. ऊन लागलं की गप. कालबी तसंच झालतं."

मशीन काय हवामान बघून चालतं होय? सुलक्षणानं जरा घुश्शातच झाकणाचे स्क्रू काढले. आत नेलपॉलिशचा थेंब जसाच्या तसा होता. कुणी नखसुद्धा लावलं नव्हतं. तिला मामांकडं बघवेना.

मामा मात्र वाकून आत बघत होते. "आन् हे पिवळं-लाल काय गं? गंज हाय व्हय?"

तिनं पाहिलं. स्क्रूच्या शेजारी, रेझिस्टरच्या पायांवर, हळदीकुंकवाचं वाळलेलं बोट उमटलेलं होतं.

खंडेनवमीला तयार बोर्ड पाटावर मांडून तिनं पूजा केली होती. सासूबाई, पुतळाबाई, डब्याच्या झाकणाला बोट लावणार होत्या. "आत्या, झाकणाची कसली पूजा? जीव तर आत हाय," असं म्हणून हिनंच पाण्यात हळदीकुंकू कालवलं आणि एकेका बोर्डावर स्वतःच्या हातानं बोट टेकवलं. किती कौतुकानं! वर झाकणं लावून टाकली. अशा डब्यात दंव शिरतं हे तिला ठाऊक होतं. हळदीकुंकवाकडं मात्र तिनं कधी वीज वाहणारी वस्तू म्हणून पाहिलंच नव्हतं.

तारेची जोडणी काढून तिनं मशीन चालू ठेवलं. आरसा पुसताना करतात तशी त्या डागावर तोंडाची वाफ सोडली.

टक्. टक्. टकटकटक. मग नुसतं टर्रर्र.

मधली मुकी वेळ संपलीच. ओलावलेल्या कुंकवातून विजेला रेझिस्टर टाळून जायची चोरवाट मिळाली होती, म्हणून ठोका जलद झाला होता. तिनं मशीन बंद केलं. त्या पाटावरचं प्रत्येक मशीन आज कुणाच्या ना कुणाच्या बांधावर टांगलेलं होतं.

"मामा, हे माझ्या हातनं झालंय," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच बोलले."

बांधावर उभ्याउभ्याच तिनं एकेकाला फोन लावला. मशीन बंद करा, तारेजवळ कुणाला जाऊ देऊ नका. सगळे झाले, आणि एकच नंबर उरला. खरं तर तोच आधी लावायचा, पण तिचं बोट धजेना. भाऊबीजेला माहेरी शिरूरला गेली तेव्हा ते मशीन तिनं स्वतः टांगलं होतं. आई, सारजाबाई, एकटी राहायची आणि रोज भल्या सकाळी दंवातच मेथी उपटायला जायची.

फोन बराच वेळ वाजला. वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला. एकदाचा आईचा आवाज आला.

"आई! ते मशीन बंद कर. तारंला हात लावू नगं!"

"बंदच हाय की ते."

"कवापासनं?"

"तू गेलीस आन् पयलं दंव पडलं, तवापासनं. मला चिकटलं व्हतं गं. बांधावरनं खाली पडले म्हणून सुटले."

"आई, अगं मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला सांगू? शेजारची इचारत व्हती, लेकीचं मशीन कसं हाय. झ्याक हाय म्हणलं. दोघांनी तुझा नंबरबी नेलाय. आपल्याच माणसानं नाव घालवायचं व्हय?"

ताईबाई जवळ सरकली. फोनकडं तोंड करून तिनं विचारलं, "कोणता हात वं, बाई?"

"उजवा," आई म्हणाली. कोण विचारतंय हेही तिनं विचारलं नाही. "अजून मूठ मिटत न्हाई."

फोनमधून आईचा आवाज येतच होता, आता जरा घाबरा झालेला.

"आन् हे बघ सुले, तो स्क्रू मी फिरवला न्हाई हां. तुझी शप्पत. मी डब्याला हातबी लावला न्हाई."