परीक्षेसाठी राखलेले दात

आमच्या राजनरावांनी वर्षभर दात साफ करून घेतले नाहीत. मला वाटलं, भीती. आखातातल्या फुजैरा बंदरावर तेलाच्या उंच उंच टाक्या चढून तपासणारा माणूस, पण डेंटिस्टचं नाव काढलं की याला मीटिंग आठवते. कंपनीच्या डॉक्टरने दोनदा बजावलं, दातांवर कीटण साचलंय, अक्कलदाढेजवळची हिरडी खराब होतेय, क्लीनिंग करून घ्या. हे आपले ‘इन्शाल्ला’ म्हणून घरी.

एप्रिलमध्ये उलगडा झाला. आमची ईश्वरी अजमानला डेंटल कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. परीक्षेत पेशंटचे दात साफ करून दाखवायचे आणि पेशंट आपला आपण आणायचा. तोही भरपूर कीटणवाला. स्वच्छ दातांवर दाखवणार काय, डोंबल? पेशंट नाही तर सहा महिने वाया. तर या माणसाने लेकीसाठी वर्षभर कीटण साठवलं होतं. लोक मुलीसाठी सोनं साठवतात! मी चांगली तणतणले, मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. असा बाप कुठे मिळायचा, सांगा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हे जेवले नाहीत, उपास आहे म्हणाले. राजनरावांना उपास! मला तिथेच कळायला हवं होतं, पण म्हटलं धास्ती घेतली असेल. सकाळी मसाफीच्या डोंगरातल्या रस्त्याने अजमानला निघालो. मी सोबत गेले, नाहीतर त्यांनी वाटेतूनच गाडी वळवली असती.

ईश्वरी पांढऱ्या कोटात उभी होती. “पप्पा, ओपन वाइड,” म्हणाली, तर पप्पांचं तोंड दोन बोटंही उघडेना. अक्कलदाढेवरची हिरडी टम्म सुजलेली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चोरून चालल्या होत्या म्हणे. सांगितलं तर पोरगी ऐनवेळी पेशंट कुठून आणेल, म्हणून गप्प. ईश्वरीचा चेहरा उतरला. पण ती सरळ परीक्षक बाईंकडे, डॉ. खतीजांकडे गेली आणि सांगून आली की यांना आधी इलाज हवा, मी यांना परीक्षेला घेणार नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

बाईंनी ह्यांना बाजूला नेऊन हिरडीखाली अडकलेली घाण धुऊन काढली, औषध लिहून दिलं. ईश्वरीला मात्र म्हणाल्या, अर्ध्या तासात दुसरा पेशंट आण, नाहीतर पुढच्या टर्मला ये.

ईश्वरी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, माझे दात उत्तम आहेत, आजवर डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. तिने तोंडात आरसा घातला आणि पोरीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. खालच्या दातांमागे कीटणाची भिंतच होती, ह्यांच्यापेक्षा जाड. राजनराव सुजल्या गालाने हसले. तेवढंही दुखलं त्यांना, बरं झालं.

मी खुर्चीत आडवी झाले. खरं सांगते, त्या मशीनच्या आवाजाला मीसुद्धा भयंकर घाबरते. इतकी वर्षं ह्यांच्या भीतीआड माझी लपून गेली. हे मुकाट्याने आले आणि माझी पावलं धरून उभे राहिले, तेवढीच जागा मोकळी होती. डॉ. खतीजांनी हटकलं नाही. ईश्वरी माझ्यावर वाकली.

“आई, दुखलं तर डावा हात वर कर. मी लगेच थांबेन.”

एरवी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी पोर, पण हे अगदी मराठीत.

दुखलं. बधिर करायची सुई दिली होती, तरी दोनदा चांगलंच दुखलं. पण तिची परीक्षा होती, मी हात काही वर केला नाही. तरी दोन्ही वेळा ती थांबली, श्वास घेऊ दिला, मग पुढे गेली. शेवटी डॉ. खतीजांनी माझे दात आणि हिरड्या तपासल्या आणि तिला पास म्हणून सांगितलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि बोलायला जावं तर अर्धा जबडा बधिर.

परतीच्या वाटेवर जीभ जरा वळायला लागली, तशी मी ह्यांना विचारलं की हिला कसं कळत होतं. हे गालाला हात लावत म्हणाले, “तुझ्या पायाची बोटं आखडली की मी माझा डावा हात वर करत होतो.”