मुक्या राजपुत्राचं नाटक

सिऊ-ल्वान आमच्या शिबिराला आल्या त्या काही स्वतःच्या मर्जीनं नाही. त्यांच्या लेकीनं, निंगनं, त्यांना गाडीत घालून आणलं, समुद्र राखणाऱ्या माझूदेवीच्या देवळामागं यात्रेकरूंसाठी बांधलेली इमारत आहे तिच्या दारात उतरवलं, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बी-हुन मावशी, आईनं वर्षभर उंबरठा ओलांडलेला नाही. काहीही करा, पण तिला बोलती करा."

"ऐकू येतंय मला," मागून आवाज आला. आवाज कसला, वाळक्या पानांवर पाय पडावा तशी खसखस. "गळा गेलाय. कान शाबूत आहेत."

मी वळले आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. ल्वान-ताईंना तैवानच्या या यीलान भागात ओळखत नाही असं माझ्या वयाचं माणूस सापडायचं नाही. आमच्या संगीत नाटकात पुरुषांच्या भूमिका बायकाच करतात, आणि ल्वान-ताईंसारखा नायक पुन्हा झाला नाही. माझी आई भाताची कामं टाकून, स्टूल डोक्यावर घेऊन त्यांच्या नाटकाला जायची. बाबा चिडायचे, "त्या राजपुत्राशीच लग्न करायचं होतंस!" आई म्हणायची, "विचारलं असतं त्यानं तर केलंही असतं."

गेल्या वर्षी ताईंच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. जीव वाचला, पण स्वराची नस दुखावली ती दुखावलीच. तेव्हापासून बाई गप्प. नाटकमंडळीतल्या जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या तर आतून कडी लावून बसायच्या.

आमचं शिबिर तसं साधं. मी रेडिओवर आमच्या तैवानी बोलीत गोष्टी वाचायचे. निवृत्त झाल्यावर दर वसंतात चार बायका जमवायला लागले. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची नोकरी, कुणाचं आणखी काही. सकाळी लिहायचं, दुपारी आलं आणि दवणा घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, संध्याकाळी रताळं घातलेली पेज. लिहायचं ते आपापल्या घरच्या बोलीत. शाळेत ही बोली बोललं की गळ्यात पाटी अडकवून उभं करायचे आम्हाला. त्यामुळे पहिल्या दिवशी हात अडखळतात. मग एकदा सुटले की सुटले.

आणि आमची थो वहिनी. माझ्या थोरल्या दिरांची बायको. ती घाबरलेल्यांचा जीव परत बोलावते. वाटीत तांदूळ भरायचे, त्या माणसाच्या अंगातल्या सदऱ्यात ती वाटी गुंडाळायची, उदबत्तीच्या धुरावरून फिरवत नाव घेऊन हाका मारायच्या. ये, घरी ये, घाबरू नकोस. मी शिकलेली बाई, पण मलाही त्यानं बरं वाटतं. का ते मी विचारत नाही.

वहिनी ल्वान-ताईंपुढं हात पसरून उभी राहिली. "सदरा द्या."

"कशाला? माझा जीव हरवलेला नाही," ताई म्हणाल्या. "कुठं आहे ते मला पक्कं माहीत आहे. नाटकाच्या मांडवात बसलाय. हाका मारून येणार नाही, मानी आहे."

वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "कठीण आहे हो ही बाई." पण म्हणताना हसत होती. तीही एके काळी स्टूल घेऊन जाणाऱ्यांतलीच.

लिहायच्या वेळी ताई खिडकीशी ताठ बसायच्या. रेशमी सदरा, केस चापूनचोपून बसवलेले. समोरचा कागद कोरा. मी काही म्हटलं नाही. एकदा फक्त विचारलं, "अक्षरांची अडचण आहे का?"

"अक्षरं येतात गं. पण आमची नाटकं कधी कागदावर नव्हतीच. खेळाआधी नाटक सांगणारी बाई यायची. इथं राजा मरतो, इथं तू रुसतेस, इथं पूर येतो, एवढं सांगून जायची. बाकीचं सगळं आम्ही तिथल्या तिथं रचायचो. पदंसुद्धा." कोरा कागद बाजूला सारून म्हणाल्या, "मला लिहायला समोर माणसं लागतात."

त्या वर्षी आमच्यात पेई-रोंग नावाची तैपेईची मुलगी होती. तिशीच्या आतबाहेरची. पोटातलं मूल दिवस भरत आलेले असताना गेलं होतं. सासरी कुणी त्याचा शब्द काढायचं नाही, जणू काही झालंच नाही. तिची तैवानी मोडकीतोडकी, आजीकडून ऐकलेली. तिसऱ्या सकाळी ती उभी राहून वाचायला लागली आणि मध्येच रडू फुटलं. तोंड ओंजळीत लपवून, खांदे आवळून रडत होती. आम्ही सगळ्या खाली बघत बसलो.

"हे काय रडणं झालं?" खिडकीतून खसखस आली.

पेई-रोंगनं दचकून वर पाहिलं. मला वाटलं, आता ही मुलगी बॅग भरणार.

ताई उठून तिच्याजवळ गेल्या. "चोरी केल्यासारखी रडतेस. काय चोरलंयस? मान वर कर. रडायचं असेल तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसलं पाहिजे. हात असा घे, बाही डोळ्यांपर्यंत ने, पण टेकवू नकोस. पुसायचं नाही. पुसलंस की संपलं. आता म्हण, काय लिहिलंयस ते."

"मावशी, मला नाही जमणार."

"मला गाता येत नाही, तुला रडता येत नाही. छान जोडी आहे. म्हण."

पेई-रोंगनं बाही उचलली, साधा स्वेटर होता तिचा, आणि वाचलं, "तुझं नाव ठेवलं नव्हतं मी. आता हाक कशी मारू?"

ल्वान-ताईंनी तिच्या हातातला कागद घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "हे तू लिहिलंस?"

"हो."

"या ओळीवर मांडव उभा राहतो, पोरी."

त्या दिवसापासून दोघी एकत्र बसायला लागल्या. ताई तिचे उच्चार सुधारायच्या. पेई-रोंग त्यांच्या तोंडाशी कान नेऊन त्या सांगतील ते लिहून घ्यायची. मध्येच ती खुदकन हसायची. काय म्हणतात, विचारलं तर सांगायची, "तुमच्या पेजेला नावं ठेवतायत, मावशी."

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी माझूदेवीचा वाढदिवस होता. देवळासमोर मांडव उभा राहिला, फटाक्यांच्या लाल कागदांचा खच पडला, आणि छिऊ-ग्वातची नाटकमंडळी टेम्पोतून आली. छिऊ-ग्वात म्हणजे मालकीण आणि नायिकाही. रंगमंचावर वीस वर्षं ल्वान-ताईंची राणी, मैत्रीण, प्रेयसी, सूड घेणारी विधवा, काय काय झालेली. ताई खिडकीतून बघत होत्या. पडदा ओढून घेतला नाही, तेवढ्यावरच मी समाधान मानलं.

जेवणं होतात न होतात तोच देवळाचे पंच धावत आले, मागोमाग तोंडाला अर्धा रंग लावलेली छिऊ-ग्वात. त्यांचा नायक आदल्या दिवशी ह्वालिएनला खेळ करून परतत होता, म्हणजे होती. कड्याच्या रस्त्यावर दरड कोसळली आणि गाडी पलीकडेच अडकली. मंगलाचरण होऊन जाईल, पुढं काय?

"नाटक देवीला कबूल केलंय," पंच म्हणाले. "समोर कुत्रं नसलं तरी चालेल, पण खेळ झाला पाहिजे."

छिऊ-ग्वात सरळ ल्वान-ताईंसमोर गेली. वर्षभरात पहिल्यांदा दोघी समोरासमोर. "ताई, सगळ्या दुय्यम नट्या आहेत. नायक पेलणारी एकही नाही. तुम्ही नुसतं नाटक सांगा आम्हाला. नायकाशिवायचं काहीतरी."

"नायकाशिवाय?" ताईंनी भुवई उचलली. "माझ्या डोळ्यांदेखत?"

"मग करणार कोण?"

"मी."

"ताई... तुमचा आवाज."

"राजपुत्रालाही नाही. लढाईत बाण लागलाय गळ्याला." त्या उठल्या. "वेश कुठाय? आणि सगळ्यांना बोलव, सांगते. बी-हुन, तू मोठ्यानं बोल. रेडिओवर होतीस ना? मी कुजबुजते, तू ऐकव त्यांना."

मांडवामागं पेट्यांवर बसलेल्या त्या नट्या, वादक, आणि मध्ये ताई. मी त्यांच्या शेजारी वाकून उभी. त्या सांगायच्या आणि मी खणखणीत आवाजात पुढं सांगायचे. राजपुत्र लढाई जिंकून परत येतो, पण मुका होऊन. राणीला तो लढाईवर असताना मूल झालं, ते जगलं नाही. दरबारी तिला सांगतात, त्याच्यासमोर शब्द काढू नको. दोघं समोर येतात. त्याला बोलता येत नाही, तिला बोलू देत नाहीत.

"मग?" छिऊ-ग्वातनं विचारलं.

"मग तू ही ओळ म्हणायची." ताईंनी पेई-रोंगला पुढं ओढलं. "हिची आहे. हिला विचार, म्हणू का."

पेई-रोंग पांढरीफटक पडली होती. छिऊ-ग्वात एवढी मोठी नटी, पण खरंच हात जोडून म्हणाली, "बाळ, देशील का मला?"

पेई-रोंगनं होकाराची मान हलवली. मग म्हणाली, "पण नीट म्हणा. पुसायचं नाही."

छिऊ-ग्वातनं ताईंकडं पाहिलं. "ही तुमचीच चेली, कुणी सांगायलाच नको."

दुपारचा खेळ. आकाश ढगाळलेलं, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बहुतेक म्हाताऱ्या, काही जणी नातवंडं मांडीवर घेऊन. पहिला प्रवेश दरबाऱ्यांच्या विनोदात गेला. मग झांजा वाजल्या आणि ल्वान-ताई आल्या.

आता हे कसं सांगू? त्या फक्त चालत आल्या. पांढरा वेश, पाठीवर सेनापतीची निशाणं, एक पाऊल उचलून हवेत क्षणभर धरलं आणि टेकवलं. सत्तरीला आलेली बाई. माझ्या पुढच्या म्हातारीनं नातवाच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "गप. तेच आहेत ते."

त्यांनी गायला तोंड उघडलं. राजपुत्र गायला जातो आणि स्वर निघत नाही, असा तो प्रवेश होता. पण मांडवातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं की हे नाटक नाही. बासरीवाल्यानं नायकाचं पद धरलं, आणि ताई त्या सुरावर मुक्यानं, नुसत्या हातांनी आणि डोळ्यांनी ते पद गायल्या. मागच्या बाजूनं एका बाईनं ते शब्द म्हणायला सुरुवात केली, जुनं पद, सगळ्यांना पाठ. मग दुसरीनं. बघता बघता सगळा मांडव त्यांच्यासाठी गात होता. म्हाताऱ्यांचे फाटके आवाज, बेसूर, मोठ्यानं.

ताई थबकल्या. हे त्यांनी सांगितलेल्या नाटकात नव्हतं. पण जिवंत नाटक करण्यात हयात गेलेली बाई ती. त्यांनी एक हात प्रेक्षकांकडं पसरला, जणू राजपुत्राचं सैन्यच त्याच्या वतीनं बोलतंय, आणि पद शेवटपर्यंत नेलं.

मग राणी आली. छिऊ-ग्वातनं दरबाऱ्यांना बाजूला सारलं, बाही डोळ्यांपर्यंत नेली, टेकवली नाही. "त्याचं नाव ठेवलं नव्हतं मी. आता हाक कशी मारू?"

राजपुत्र गुडघ्यावर बसला. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली. आवाज न करता, सगळं अंग लावून. झांजा थांबल्या होत्या. माझ्या शेजारी थो वहिनी पुटपुटायला लागली, ये, घरी ये, घाबरू नकोस. पलीकडं पेई-रोंग उभी होती. मान वर, गालांवरून पाणी वाहतंय, पुसत नव्हती. तिच्या ओठांवर एक नाव आलं. मी ते ऐकलं, पण ते तिचं आहे, मी इथं सांगणार नाही.

निंग आईला न्यायला एक दिवस आधीच आली, ती शेवटच्या प्रवेशाला. गाडीची किल्ली हातात तशीच धरून मांडवाच्या कडेला उभी राहिली. खेळ संपल्यावर आत धावली आणि आईच्या गळ्यात पडली.

"अगं, रंग!" ताई करवादल्या. "वेश मंडळीचा आहे, खराब होईल. आधी मला पाणी दे. आणि सांग, डाव्या वळणाला पाऊल हललं का?"

"नाही आई."

"हललं. बघत नव्हतीस तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या भिंतीवर लाल कागद लागला होता. दरवर्षी नाटकाचं आणि मंडळीचं नाव असतं, तसंच. पंचांनी या वेळी खाली एक ओळ वाढवली होती, रचना, पेई-रोंग आणि सिऊ-ल्वान. पेई-रोंगनं त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याचं काय उत्तर आलं मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्यात तो तिला घेऊन देवळात आला होता आणि दोघांनी मिळून उदबत्ती लावली, एवढं मी पाहिलं.

ताईंचा आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी तो येईल असं कधी म्हटलंही नव्हतं. पण छिऊ-ग्वातच्या मंडळीत नाटक सांगायला आता त्या जातात. निंग गाडी चालवते आणि आईची शागीर्द असल्यासारखी बोलणी खाते. मुक्या राजपुत्राचं नाटक तोचंगच्या देवळानं मागून घेतलं, मग सु-आवच्या कोळ्यांनी. प्रत्येक गावात म्हाताऱ्या ते पद स्वतः गातात. कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

आणि वसंतात त्या शिबिराला येतात, शिकवायला. बायका त्यांना घाबरतात, माझ्याकडं तक्रारी करतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतात. यंदा एक नवी बाई पायांसाठी पाणी गरम व्हायची वाट बघत होती. तिनं आपलं भोळेपणानं ताईंना विचारलं, "आणि तुम्ही कशासाठी आलात इथं?"

ताईंनी खाकरायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, म्हणजे तू सांग.

मी रेडिओच्या आवाजात मुक्या राजपुत्राची ही सगळी गोष्ट सांगितली. साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.