बोलतं ठेवायचं काम

"नाव काय हो तुमचं?" मावशींनी सवयीनं सुरुवात केली.

कुशीवर झोपलेल्या नवऱ्यानं डोळे उघडले. "तुला माहीत नाही?"

सुईची तयारी करणारी डॉक्टरीण खुदकन हसली.

या खोलीत मावशींचं काम एकच. कमरेच्या हाडात सुई जाताना पेशंटचा हात धरायचा आणि त्याला बोलतं ठेवायचं. गाव कुठलं, मुलं किती, धंदा काय. भलेभले रडके त्यांच्यापुढे गप्पांना लागत. आणि आज हा माणूस! पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. पंपाशी तासन्‌तास बोलणारा, घरात मुका.

हिवताप उतरला, गोळ्या संपल्या, पण रक्त काही वर चढेना. पांढऱ्या पेशीही घटलेल्या. हाडातल्या मज्जेत, जिथं रक्त घडतं, तिथंच काय बिघडलंय ते बघायचं होतं. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मावशींनी तो या खोलीत पुष्कळदा ऐकला होता.

"काका, आता दुखेल हं. मावशी, बोला!"

काय बोलणार? जेवलात का? मीच भरवलं. मुलगा काय करतो? ते त्यालाच ठाऊक नाही. मावशी चाचपडल्या आणि तोंडाला आलं ते विचारून बसल्या.

"काम तर लवकर सुटतं. मग घरी यायला अंधार का होतो तुम्हाला?"

"इथं समोर बसतो. बाकावर. तू सुटेपर्यंत."

"मला कधी दिसला—"

"तू मैत्रिणींबरोबर हसत जातेस. मी मागनं येतो. घरी पोचेपर्यंत तुझं हसू संपतं, म्हणून..." सुई आत गेली. त्यानं दात आवळले. "म्हणून रस्त्यातच ऐकून घेतो."

मावशी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"मावशी, थांबू नका!"

"राहू द्या तिला," तो कण्हत म्हणाला. "आज मी बोलतो. परवा त्या नर्सबाईंना काय सांगत होतीस गं? सगळा रस्ता डोक्यावर घेतला होतात दोघींनी..."

तो बोलतच राहिला. सुई निघाल्यावरही.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीण मज्जेची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आली.

"कॅन्सर नाही, काका. हिवतापाचाच प्रताप. मज्जेत पेशी घडतायत, पण कच्च्या. कितीतरी आतल्या आतच मरतायत. जंतू गेले तरी मज्जा लगेच सावरत नाही. रक्त वाढेल, सावकाश."

"म्हणजे पंपानं हवा धरलीय. चालतोय, पण पाणी वर येत नाही."

"तसंच समजा. मावशी, सोडा आता. रक्त केव्हाच थांबलंय."

"हो, हो," मावशी म्हणाल्या. पण कमरेवर दाबून धरलेला कापूस काही त्यांनी सोडला नाही.