लाल दोऱ्याची मिरची

चंद्रभान मास्तरांचे शेवटचे शब्द मिरचीबद्दल होते.

नागपूरच्या दवाखान्यात खाटेशी बसलेल्या मुलीला त्यांनी बोटाने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मधल्या घरात लाल दोऱ्याच्या मिरच्या टांगल्या आहेत. बियाण्याच्या. कोणाले हात लावू देऊ नको." मग त्यांनी पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत ते गेले.

प्रमोदिनी पेला हातात धरून उभी राहिली. ती अडतीस वर्षांची होती, नागपुरात एका कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि माणसं मरताना काय बोलतात याविषयी तिने बरंच वाचलेलं होतं. त्यात मिरची कुठेच नव्हती.

भिवापूरपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात अंत्यविधी झाला. अग्नी पुतण्याने, महादेवरावाने दिला. संध्याकाळी अंगणात पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. मास्तरांची धाकटी बहीण रुखमाबाई उमरेडहून आली होती. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ जातानी काय बोलला वं?"

बायकांनी डोळ्यांचे पदर काढले आणि कानांवरचे मागे सारले.

"शांत गेले," प्रमोदिनी म्हणाली.

"रामाचं नाव घेतलं?" मागून कोणीतरी विचारलं.

प्रमोदिनीने मान हलवली. कोणत्या बाजूने हलवली हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण अंगणाने ती 'हो' अशी घेतली. दिवेलागणीपर्यंत मास्तरांनी तीनदा रामाचं नाव घेतल्याचं गावभर झालं. दहाव्यापर्यंत त्यात एका श्लोकाची भर पडली होती. मास्तर हयातीत देवळाकडे फक्त निंबोळ्या वेचायला जात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तर सगळ्यांना जास्तच भरून आलं.

मिरच्यांचं नंतर सांगू, असं प्रमोदिनीने ठरवलं. त्या कुठे जात नव्हत्या. येता-जाता तिला त्या मधल्या घराच्या आढ्याला दिसत होत्या. प्रत्येक मिरचीच्या देठाला लाल दोरा आणि सगळ्या मिळून एका सुतळीला.

त्या मिरच्यांची हकिकत अशी. मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावात युरियाची पोती आणि फवारणीचे पंप यायला लागले होते. मास्तरांनी एक वर्ष दोन्ही वापरून पाहिलं, वहीत काही लिहिलं, आणि दोन्ही बंद केलं. त्यानंतर त्यांच्या पाच एकरांत शेणखत आणि पालापाचोळा याखेरीज काही पडलं नाही. तण ते उपटत नसत. कापून झाडांच्याच बुडाशी अंथरत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झेंडू, मधे मका, कडेला बोरी-बाभळी आपसूक. गाव त्याला 'मास्तराचं जंगल' म्हणायचं. पाहुण्यांना रस्ता सांगताना खूण म्हणून ते फार सोयीचं होतं.

मग एका साली मिरचीवर पानं मुरडण्याचा रोग आला. लोकांच्या वावरात गेला तसा मास्तरांच्याही वावरात गेला. निसर्गाने त्यांच्या तत्त्वांची भीड ठेवली नाही. अर्ध्या एकरात अकरा झाडं तेवढी ताठ उभी राहिली. मास्तरांनी त्या अकरांना लाल दोरे बांधले, बी फक्त त्यांचं धरलं, आणि पुढे चौदा वर्षं तेच केलं. ताठ झाड, लाल दोरा, पुढच्या सालचं बी. शेवटी शेवटी आजूबाजूची वावरं मुरडलेली असताना मास्तरांची मिरची उभी राहायची आणि रंगाने डोळे दिपवायची. एकच उणं होतं. चौदा वर्षांच्या या निवडीत तिचा तिखटपणा बराचसा निघून गेला होता. मास्तरांना ते माहीत होतं. ते त्याविषयी बोलत नसत.

तीन जणांनी त्यांच्याकडून बी नेलं होतं. दोघं पुढच्याच साली दुकानातल्या पुड्यांकडे वळले, आणि तिसऱ्याने संत्री लावली.

महादेवरावाने बाराव्या दिवशीच विचारलं, "बाई, वावराचं काय? तुही नोकरी नागपूरले. मले मक्त्यानं देऊन टाक. मी ते जंगल साफ करतो, एका सालात जमीन माणसात येते."

"तेरवी होऊ द्या," प्रमोदिनी म्हणाली.

तिने मनाशी ठरवलेलं होतं. मृगात ती वडिलांचं बी वाफ्यात टाकणार होती. रामाजी सालदार अठरा वर्षं त्या वावरात होता. तो रोज पाहील, ती शनिवारी छोट्या रेल्वेने येईल. बी होतं म्हणून ते शेत होतं. बी नसेल तर ते खरोखरच पाच एकर जंगल होतं, आणि मग महादेवरावाला नाही म्हणायला तिच्याकडे काही कारण नव्हतं.

तेरवीला गाव जेवलं. पाटोडीचा रस्सा असा लाल झाला होता की पंगतीत लोक द्रोण उचलून उजेडात धरत होते. तेरा दिवसांत प्रमोदिनीच्या जिभेला पहिल्यांदाच चव कळली. तिने रस्सा मागून घेतला. दुसऱ्यांदाही मागून घेतला.

"मस्त झाला आत्याबाई," ती म्हणाली. "रंग काय आहे!"

"अन् तिखट तं नावाले नाही," रुखमाबाई खूश होऊन म्हणाली. "म्हातारे लोकं बी दोन-दोन वाट्या प्यायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनीने मधल्या घरात वर पाहिलं. आढं होतं. सुतळी होती.

"आत्याबाई, इथल्या मिरच्या?"

"कुटल्या ना काल. आपण जेवलो नाही का?"

प्रमोदिनी खाली बसली.

"लाल दोरे बांधून होते वं," रुखमाबाई सांगू लागली. "मले वाटलं, भावानं देवासाठी काढून ठेवल्या. देवाचं तेरवीले नाही वापराचं तं कवा वापराचं? एक मिरची घरात नाही ठेवली पाय. सगळ्या घातल्या. काहून? काय झालं?"

"काही नाही."

"दोरे नाही फेकले मी," रुखमाबाई म्हणाली, आणि कोनाड्यातून मूठभर लाल दोरे काढून तिने प्रमोदिनीच्या ओंजळीत ठेवले.

प्रमोदिनी दोरे घेऊन मागच्या अंगणात गेली. रामाजी बैलांना कडबा टाकत होता. तिने त्याला झालेलं सांगितलं, शेवटच्या शब्दांसकट. तोवर ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. रामाजीने हातातली पेंढी खाली ठेवली.

"बाई, मंग पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

"बरं दिसलं नसतं."

रामाजीने यावर विचार केला. "मास्तरायले बरं दिसाचं काही पडलं नोतं," तो म्हणाला.

"बाजारात गेलेली मिरची कुठे मिळेल?"

"ते फागुनातच गेली. आता कोठी नागपूर, कोठी कलकत्ता." तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "एक जागा आहे. भागीरथामाय."

भागीरथाबाई गावाच्या पल्याडच्या टोकाला राहायची आणि नजर काढायची. तान्ह्या पोरांची, दुभत्या म्हशींची, नव्या नवरीची. एकदा तिने ट्रॅक्टरची काढली होती. मास्तरांचं आणि तिचं तीस वर्षांचं वाकडं. जाळायला मिरची देणार नाही, असं त्यांनी तिला भर बाजारात सांगितलं होतं.

"ते दरसाल येते चोराले," रामाजी म्हणाला. "मागच्या दारानं. लाल दोऱ्याच्याच नेते, त्याच्यात गुण आहे म्हणते. सात-आठ, कवा दहा."

"बाबांना माहीत नव्हतं?"

"माहीत नसाले काय झालं? ते दहा जास्तीच्याच टांगत. अन् माह्यावर वरडत, का मागचं दार काहून लावलं म्हणून."

दोघं निघाले. भागीरथाबाई ओट्यावर लाखेची डाळ निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि सूप जोरात पाखडलं.

"मी काहून घेऊ त्याच्या मिरच्या? मास्तर तं मले पायरीवर उभी नोता करत."

"माय, बाई काही पोलिसात नाही," रामाजी म्हणाला. "लायब्ररीत असते."

"तेच तं म्हणतो मी. तेथी माणसानं पुस्तक ठेवून घेतलं तं दंड लावते म्हणे."

"दंड नाही लावणार," प्रमोदिनी म्हणाली. "मला बी पाहिजे. बाबांचं दुसरं कुठे उरलं नाही. सगळ्या मिरच्या काल तेरवीत गेल्या."

"मी बी प्याली तो रस्सा." भागीरथाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ती आत गेली आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. त्यात चिंधीत गुंडाळलेल्या नऊ मिरच्या होत्या. देठाला लाल दोरे.

प्रमोदिनीने हात पुढे केला. भागीरथाबाईने डबा मागे घेतला.

"पयले तुही नजर काढू दे."

"माझी?"

"मंग? बाप गेला, तेरा दिवस झाले, डोयात पाणी नाही. अन् पंगतीत दोन वाट्या रस्सा पेते. मी पायत होती. हे नजर नाही तं काय आहे?"

प्रमोदिनीला यावर बरंच काही म्हणता आलं असतं. "किती मिरच्या लागतील?" तिने विचारलं.

"सात."

"नवातून सात गेल्या तर मला दोन राहतील."

"बापावानीच बोलते. दोन कमी आहे का?"

"मावशी," प्रमोदिनी म्हणाली, "नजर मिरचीच्या आत जाते की वर बसते?"

"म्हणजे?"

"नजर डोळ्याची असते. डोळ्याला वरचं दिसतं. बी तर आत असतं. ते कोणाला दिसतच नाही. मग त्याच्यावर नजर बसणार कशी? तुम्ही सालं जाळा. बी मला द्या."

भागीरथाबाईने लाखेतला एक खडा उचलून लांब फेकला. तीस वर्षांत तिला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रामाजी छपराकडे पाहत होता.

"नऊच्या नऊचं बी घेशीन?" तिने शेवटी विचारलं.

"नऊच्या नऊचं. तुम्ही नऊच्या नऊ सालं जाळा."

"नऊ तं कोणाचीच नाही काढली मी. ट्रॅक्टरची बी सातच काढली."

हा मान तिला पटला. ओट्यावर कागद पसरून प्रमोदिनीने एकेक मिरची चिरली आणि बी झटकून घेतलं. मग भागीरथाबाईने सालं, मीठ आणि मोहरी मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवली, काहीतरी पुटपुटली, आणि मूठ चुलीत टाकली. तिघंही वाट पाहत राहिले. मिरची जळताना ठसका लागला तर नजर नव्हती. नाही लागला तर होती, असा त्यातला नियम आहे. मोहरी तडतडली. थोडा धूर झाला. कोणी खोकलं नाही.

"पाय!" भागीरथाबाई विजयाने म्हणाली. "ठसका तं ठसका, खाकरा नाही. नऊ मिरच्या! केवढी लागली होती!"

प्रमोदिनीने रामाजीकडे पाहिलं. तो अजून छप्पर पाहत होता. तीस वर्षांपैकी निदान शेवटची काही वर्षं भागीरथाबाईची गावातली पत मास्तरांच्या सपक मिरचीवर उभी होती, आणि मास्तरांनी हे कोणाला कळू दिलं नव्हतं.

"बरीच असेल," प्रमोदिनी म्हणाली.

पुडी मुठीत घेऊन ती वावराच्या वाटेने परत निघाली. वैशाखाचं ऊन होतं. वाटेत तिने घाम पुसला, त्याच हाताने, आणि उजवा डोळा पेटला. मग दोन्ही. ती धुऱ्यावर बाभळीखाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते थांबेना. रामाजी वीसेक पावलं पुढे जाऊन पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती उठली.

"मिरची लागली," ती म्हणाली.

"लागते," रामाजी म्हणाला. "तशी तिखट नाही ते."

मृगात वाफा केला. राख मिसळून बी टाकलं, वर वाळकं गवत अंथरलं. रुखमाबाई अजून गेली नव्हती. भावाचं घर सोडवत नाही म्हणत होती. आठ दिवस वाफ्यात काही दिसलं नाही. महादेवराव रोज सकाळी धुऱ्यावरून पाहून जाई आणि काही बोलत नसे. नवव्या दिवशी शनिवार होता. प्रमोदिनीने गवत उचललं, तर खाली वाकडे हिरवे धागे मातीतून डोकं काढत होते. सगळे नाही. निम्म्याहून जास्त.

"आत्याबाई," तिने वाफ्याशी बसूनच सांगितलं, "बाबांनी रामाचं नाव घेतलं नव्हतं."

रुखमाबाई पदर सावरून शेजारी बसली. "मंग?"

"मधल्या घरातल्या मिरच्यांना कोणाला हात लावू देऊ नको म्हणाले."

रुखमाबाईने कोंबांवर वाकून पाहिलं. "एवढंच?"

"मग पाणी मागितलं."

"बरं झालं तवा नाही सांगितलं," रुखमाबाई म्हणाली. "पंचवीस बाया हसल्या असत्या." आणि थोड्या वेळाने, "पण मिरच्या वाचल्या असत्या."

"हो."

"मी तं उमरेडले बी कळवलं श्लोकाचं."

"असू द्या."

महादेवरावाला तिने त्याच संध्याकाळी नाही म्हणून सांगितलं.

वर्षश्राद्धाला पाहुणे आले. प्रमोदिनी दारातच उभी होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने पायातल्या चपला काढायच्या आत, सांगत होती, "मधल्या घरात लाल दोऱ्याच्या मिरच्या टांगल्या आहेत. बियाण्याच्या. हात लावू नका." एक-दोन म्हातारे बिचकले. रुखमाबाई मागून प्रत्येकाला समजावत होती, की पोरीचं काही मनावर घेऊ नका, घराण्यातच आहे ते.

बियाण्याला लागत होत्या त्यापेक्षा दहा मिरच्या तिने जास्तीच्या टांगल्या होत्या. दुपारी पंगत बसली तेव्हा रामाजी मागचं दार लावायला गेला. ती त्याच्यावर ओरडली.