एक पॉइंट चार

धोंडिबांनी जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त मशीनचं. माणसांचं ऐकण्याची त्यांना सवयच नव्हती. बायकोचं नाही, युनियनच्या पुढाऱ्यांचं नाही आणि डॉक्टरांचं तर मुळीच नाही. मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी नखांच्या कडा अजून किरमिजी होत्या. अशा माणसाला लघवी लाल होऊ लागली आणि ती बायकोने, रखमाबाईंनी, मोरीत पाहिली, तेव्हा घरात जो गोंधळ उडाला त्यात शांत एकटे धोंडिबाच होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. रंगखात्यात सगळ्यांचीच लाल व्हायची, त्यात नवल काय? अंगात मुरलेला रंग आहे, निघतोय हळूहळू. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा रंग नाही, रक्त आहे, आत दुर्बीण घालून बघावं लागेल. सोमवारची तारीखही दिली. धोंडिबा तिथून उठले ते थेट अंबरनाथला घरी येऊन पंख्याखाली बसले. तसली नळी मी घालून घेणार नाही, म्हणाले. रखमाबाई रडल्या, जेवल्या नाहीत, बोलेनाशा झाल्या. कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी धोंडिबांनी एक शब्द दिला, तोही लेकीला.

"माये, तुझ्या मशीनने सांगितलं तर जाईन. नाही सांगितलं तर हा विषय परत काढायचा नाही."

मायाचं मशीन उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, डॉक्टर उमा केसवानींच्या लॅबमध्ये होतं; ती तिथेच कामाला होती. मशीन म्हणजे काय, तर सूक्ष्मदर्शकावर बसवलेला कॅमेरा आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. काचेवर, म्हणजे स्लाइडवर, लघवीतल्या पेशी पसरायच्या आणि त्यांना असा रंग द्यायचा की तो फक्त डीएनएला चिकटतो. जितकं डीएनए जास्त, तितका ठिपका गडद. तो किती गडद आहे हे कॉम्प्युटर मोजतो आणि आकडा देतो. निरोगी पेशीचा आकडा दोन. दुभंगायच्या बेतात असलेलीचा चार, मूत्राशयातल्या काही थोराड पेशींचा आठसुद्धा. असे पुऱ्या पटीतले आकडे आले तर घाबरायचं कारण नसतं. पेशींचा ढीग मधेच कुठेतरी लागला, की मात्र समजायचं, आत बिघडलंय.

आता कॉम्प्युटर कितीही हुशार असला तरी दोन म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नसतं. ते माणसाने दाखवायचं. चांगल्या पेशी निवडायच्या, त्यांच्यावर क्लिक करायचं आणि सांगायचं, बाबा रे, हे दोन. त्याच मापाने तो बाकीच्या मोजतो. रिवाज असा की त्यासाठी त्याच स्लाइडवर सापडणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, कारण त्या दगा देत नाहीत.

उमा मॅडम भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. घरच्या माणसाची स्लाइड आपण मोजायची नाही, मी आले की बघते, असं त्यांनी बजावलं होतं. पण सोमवार तोंडावर आला होता आणि मायाचा जीव टांगणीला लागला होता. शनिवारी सकाळी ती स्लाइड लावून बसलीच. पांढऱ्या पेशी पटकन सापडल्या नाहीत. खरं सांगायचं तर तिने फार शोधल्याही नाहीत. तिला धास्ती होती ती वेड्यावाकड्या, राक्षसासारख्या पेशी दिसतील याची. आणि पडद्यावर तर सगळ्या एकसारख्या, एका रंगाच्या, एका आकाराच्या पेशी. इतक्या सारख्या दिसणाऱ्या पेशी वाईट कशा असतील? तिने त्यांतल्याच काही निवडल्या आणि कॉम्प्युटरला सांगितलं, हे दोन. मग बाकीच्या मोजल्या. पडद्यावरच्या आलेखात दोनवर एकच सरळ मनोरा उभा राहिला.

तिला रडूच आलं. डोळे पुसून तिने घरी फोन लावला. आबा, सगळं चांगलं आहे, एवढंच म्हणाली. पलीकडे धोंडिबांनी खाकरून घसा साफ केला आणि मी सांगत होतोच, म्हणाले.

दुपारी उमा मॅडम आल्या त्या मेंदीच्या हातांनीच. मायाने स्लाइड मोजली हे कळल्यावर रागावल्या नाहीत. घरी सांगितलंस काय, एवढंच विचारलं. मायाने होकारार्थी मान हलवली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक पांढरी पेशी शोध," त्या म्हणाल्या. "एकच. ती दोनवर आली की मी सही करते."

माया स्लाइड सरकवत राहिली. उजवीकडून डावीकडे, मग खाली, मग परत. त्याच त्या सारख्या पेशी, गुलाबी जांभळ्या. बाहेर जीन्सच्या दुकानदाराची कुणाशी तरी हुज्जत चालली होती, ती ऐकू येत होती आणि येत नव्हती. मॅडम मागे उभ्या होत्या. काचेच्या अगदी कडेला एक लहान गोल ठिपका दिसला. मायाने क्लिक केलं.

एक पॉइंट चार.

कुठल्याही धड, अखंड पांढऱ्या पेशीत दोनपेक्षा कमी डीएनए असू शकत नाही, हे तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तिने फोकस हलवला, पुन्हा क्लिक केलं. तोच आकडा. दिवा तपासला, दिवा ठीक होता. पेशी तुटकी असेल म्हणून दुसरी शोधली. ती सापडू नये असंही वाटत होतं आणि सापडली. एक पॉइंट चार. तिसरीही तेवढीच.

"माया, नॉर्मल तू कोणाला मानलंस?" मॅडमनी हळूच विचारलं.

मायाने पांढऱ्या पेशींवर क्लिक करून कॉम्प्युटरला सांगितलं, हे दोन. मनोरा जागचा हलला आणि दोन पॉइंट आठवर जाऊन उभा राहिला. तितकाच सरळ, तितकाच नीटनेटका. पेशी सारख्या होत्या यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्या मिळून बिघडल्या होत्या, इतकंच.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिक्षाने घरी जा म्हणाल्या. रस्ताभर माया वाक्यं जुळवत होती. अंबरनाथ पूर्वेला उतरेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक राहिलं नाही. स्वतःची तिला इतकी चीड आली होती की रिक्षावाल्याशीही ती तुटकच बोलली.

घरात सणासारखं वातावरण होतं. रखमाबाईंनी शिरा केला होता. धोंडिबा स्वच्छ शर्ट घालून खुर्चीत बसले होते आणि सोमवारची तारीख फोन करून रद्द केल्याचं त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. माया चपला काढून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगून टाकलं.

"सकाळी एक, संध्याकाळी एक," धोंडिबा भडकले. "मशीन आहे की पुढारी?"

"मशीन चुकलं नाही, आबा. मी चुकले. सगळ्या पेशी सारख्याच दिसत होत्या, म्हणून मी त्यांनाच चांगल्या समजले."

धोंडिबा काहीतरी तोडून बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी नखांकडे पाहिलं. रखमाबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. माणूस हट्टी होता, पण मूर्ख नव्हता, आणि लेकीने काय सांगितलं ते त्याला तिच्यापेक्षाही खोलवर कळलं होतं.

"सगळ्यांचीच लाल व्हायची," ते स्वतःशीच म्हणाले. मग आवाज उतरला. "मला दिवाळीपासून होतंय, माये. सांगितलं नाही."

मायाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला. सोमवारची तारीख परत मागून घे, म्हणाले. आणि लगेच उठून दारातल्या चपला पायाने शोधू लागले. रखमाबाईंनी घाबरून विचारलं, आता कुठे निघालात?

"मोरिवलीला. रंगखात्यातल्या बुधाजीकडे." त्यांना चप्पल नीट घालता येत नव्हती. "त्याचीही लाल होते. घाबरला होता बिचारा, दवाखान्यात जायला निघाला होता. दुपारी मीच त्याला थांबवून आलो. म्हटलं, माझ्या पोरीने मशीनवर बघितलंय, रंगच आहे."

मायाने काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि त्यांचा हात धरला.