पहिला प्याला कुणी ओतायचा

गावाच्या तोंडाशी बॅनर लागला, तेव्हा तो वाचायला मी मुद्दाम चष्मा घेऊन गेले. ‘प्यो घराण्याची शान. थोरल्या घरचे श्री. प्यो सांगमुन यांच्या धाकट्या बंधूंच्या कन्येला परराष्ट्र सेवेचं राष्ट्रीय पदक. सोटगोल ज्येष्ठ मंडळातर्फे हार्दिक अभिनंदन.’ सांगमुन म्हणजे आमचे हे. ह्यांचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं, मंडळाचं त्याखालोखाल. जिला पदक मिळालं तिचं नाव शोधता शोधता माझी मान दुखायला लागली, पण ते कुठे सापडलं नाही.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, “पोरगी बिननावाची आहे का?”

“बॅनरवर जागा नव्हती.”

“तुमच्या नावाला बरी होती.”

ह्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

हेरिम दुसऱ्या दिवशी सोलहून आली. बॅनरखाली उभं राहून तिनं हसत फोटो काढून घेतला आणि म्हणाली, “मोठी आई, निदान कन्या तरी लिहिलंय बघ.” तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून मी तिची मोठी आई. तिच्या वेण्या मी घातल्या, डबे मी भरले. आता बाई पन्नाशी ओलांडलेली, परराष्ट्र खात्यातली मोठी अधिकारी. पण स्वयंपाकघरात शिरली की अजूनही उभ्या उभ्या बरणीतली कोबीची किमची बोटांनी उचलून खाते.

पदकाची पेटी तिनं ओट्यावर उघडली. गळ्यात घालायचं, सोलच्या दक्षिण वेशीचं नाव दिलेलं पदक. मी हात धुऊन आले, एप्रनला पुसले, तरी त्याला बोट लावायचा धीर होईना. ती वेस मी लग्नाच्या नव्या नवलाईत एकदाच पाहिली होती, मान मागे टाकून, तोंडाचा आ करून. ती एवढी थोरली वेस आमच्या हेरिमच्या गळ्यात मावणार होती.

ह्यांनी काही विचार न करता पदक उचललं आणि गळ्याशी नेलं. हेरिमनं हळूच त्यांचा हात धरला. “मोठे काका, हे ज्याला दिलं त्यानंच घालायचं असतं. कायदाच आहे तसा. माणूस गेल्यावर घरच्यांनी जपून ठेवायचं, पण घालायचं नाही.”

“योग्यच आहे,” हे मान डोलावत म्हणाले. “मान ज्याचा त्याचा. दुसऱ्यानं मिरवून कसं चालेल?”

हे वाक्य मी गाठीशी बांधून ठेवलं.

पदक कशासाठी मिळालं ते सगळ्या देशाला ठाऊक होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आपली मासेमारीची बोट चाच्यांनी पळवली, आणि तिच्यावरच्या खलाशांना सोडवायला हेरिम तिकडच्या एका बंदरात अख्खा हिवाळा बसून होती. त्याच हिवाळ्यात इकडे तिचे वडील, आमचे सांगदो भावजी, अंथरुणाला खिळले. त्यांनी फोनवर तिला सांगितलं, “आधी ती माणसं घरी आण. मग मला सांगायला ये.” ते गेले, तेव्हा चाचे नेमके बोलणी करायला तयार झाले होते. पोरगी बापाच्या मातीला येऊ शकली नाही. खलाशी वसंतात घरी पोचले, आणि आता, पानं लाल व्हायला लागल्यावर, ती बापाला ते सांगायला आली होती.

आमच्यात कुणाला मोठा मान मिळाला की सगळं घराणं टेकडीवर थडग्यांपाशी जातं. जो थडग्यापुढे दारूचा पहिला प्याला ओततो, तोच गेलेल्यांना बातमी सांगतो. रात्री जेवताना हे म्हणाले, “रविवारी वर जाऊ. प्याला मी ओतीन, सांगेनही मीच. हेरिम मागे उभी राहील. बायका ओढ्याजवळच्या दगडापुढे येत नाहीत, पण तिचं पदक आहे, म्हणून तेवढं चालवून घेऊ.”

हेरिमनं जेवणाच्या काड्या ताटलीवर ठेवल्या. मग ती म्हणाली, “बरं, मोठे काका.”

मला मात्र राहवेना. “मान ज्याचा त्याचा म्हणणारे कुठे गेले हो?”

“लग्न झालेल्या मुलीनं प्याला ओतल्याचं कधी ऐकलंयस? तू सूप आण.”

भांडी घासताना हेरिम माझ्या शेजारी उभी राहिली. “मोठी आई, बाबांनी सांगायला मला बोलावलंय,” ती म्हणाली. “मोठ्या काकांना नाही.” तिच्या हातातली वाटी निसटून पाण्यात पडली. ह्या बाईनं बंदूकवाल्यांकडून माणसं सोडवून आणली, आणि तिला स्वतःच्या बापाशी दोन शब्द बोलायची परवानगी नव्हती. मला इतका संताप आला की मी परात आपटली.

आता गंमत पुढे आहे. सकाळी खालच्या घरच्या ग्योंगसोक भावजींचा, म्हणजे ह्यांच्या लांबच्या चुलतभावाचा, निरोप आला: सांगमुन प्याला ओतणार असेल तर खालच्या घरातलं कुणी टेकडी चढणार नाही. “सांगदोला अक्षरओळख मी करून दिली, प्याला माझ्या हातचा पाहिजे,” हे वर. ह्यांचं आणि भावजींचं बोलणं बंद होऊन किती तरी वर्षं झाली होती. कारण एक पाइनचं झाड. ह्यांनी ते तोडलं, आणि त्याची सावली भावजींच्या आजोबांच्या थडग्यावर पडायची. तेव्हापासून ज्येष्ठ मंडळाच्या खोलीत दोघे एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि तिसऱ्याला मध्ये घालून भांडतात. “सांगा त्यांना, खिडकी लावा.” “सांगा त्यांना, उकडतंय.”

निरोप ऐकून हेरिमनं सुकवलेल्या पर्सिमन फळांची पेटी काढली. “मोठी आई, चल माझ्याबरोबर.”

मला वाटलं, जाऊन विनवणी करेल, नाही तर चांगलं खडसावेल. कसलं काय. ती भावजींच्या खोलीत, खालून तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “काका, जेवलात का? त्या झाडाची सावली कुठवर यायची हो?”

भावजी आधी गुरगुरले. मग बोलायला लागले. झाड कुणी लावलं, लहानपणी त्याखाली बसून आजोबांनी त्यांना काय काय शिकवलं, ते पडलं त्या दिवशी ते कुठे होते. हेरिम मध्ये एक शब्द बोलली नाही. डोळे त्यांच्यावर, हात मांडीवर. म्हाताऱ्याचा आवाज बसला, नाक वाहायला लागलं, तरी ती तशीच. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण ह्या माणसाला त्या झाडाखाली आजोबा भेटायचे हे मला माहीतच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

परत येताना मी विचारलं, “तिकडे त्या चाच्यांना काय सांगितलंस गं तू?”

“सांगितलं फारसं नाही. फोन आला की मी विचारायचे, आज जेवलात का.”

“बंदूकवाल्यांना?”

“त्यांनाही भूक लागते, मोठी आई. मग ते बोलायचे आणि मी ऐकायचे.”

हिला मी भात भरवला होता, आणि ही कोण आहे ते मला आज कळत होतं.

घरी येऊन तिनं ह्यांनाही तेच विचारलं. ह्यांचं म्हणणं, झाडाला कीड लागली होती, वादळात ते थडग्यावरच कोसळलं असतं. “मी त्याच्या आजोबांची कबर वाचवली, आणि हा मला बुंधाकापू म्हणतो,” असं सांगताना आमचे हे, जे सासूबाई गेल्या तेव्हाही रडले नव्हते, खिशात रुमाल शोधत होते. हेरिमनं इकडचं तिकडे काही सांगितलं नाही. नुसती दोन्ही घरांमध्ये खाली-वर, खाली-वर करत राहिली, कधी खारा बांगडा घेऊन, कधी रिकाम्या हातानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजीच म्हणाले, “त्याच्या हातापेक्षा पोरीच्या हातचा प्याला परवडला.” संध्याकाळी हे चडफडत म्हणाले, “ग्योंगसोकनं ओतण्यापेक्षा हेरिमनं ओतलेला बरा. निदान आमच्या घरची आहे.”

“मला रीत नाही ठाऊक, मोठे काका,” हेरिम अगदी शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली. “पहिला प्याला ओतणाऱ्यानं काय काय करायचं असतं?”

हे खुलले. “ओतायचा, सांगायचं, वाकायचं. आणि दुसरा प्याला कुणी ओतायचा ते त्यानंच ठरवायचं. त्याचा शब्द मोडता येत नाही, मग तो कुणीही असो.” भावजींकडूनही तिनं हेच वदवून घेतलं. मला वाटलं, म्हाताऱ्यांना खूश करतेय.

टेकडीवर जायच्या दिवशी मी पहाटेपासून चुलीशी होते. धिरडी, खारवलेली मुशी, तांदळाच्या पिठाचे त्तोक उंडे, सगळं टोपल्यांत भरून नेहमीप्रमाणे ओढ्याजवळच्या दगडापर्यंत आणलं. तिथून पुढे पुरुषांनी उचललं. ह्या घरात आल्यापासून मी त्या दगडावर बसून वरचा आवाज ऐकत आलेय. हेरिम पांढऱ्या हानबोक पोशाखावर पदक घालून वर गेली. वळणावर तिनं माझ्याकडे एकदा वळून पाहिलं.

वर सगळं शांत झालं. मग खूप वेळ काहीच नाही. वाटलं, ऐन वेळी अडवली वाटतं पोरीला. इतक्यात वाटेवर काठी वाजली. आमचे हे खाली येत होते, लालबुंद होऊन.

“चल,” म्हणाले.

“कुठे?”

“दुसरा प्याला. तुझं नाव घेतलंय तिनं.” आणि तोंडातल्या तोंडात, “मीच सांगितली ना रीत तिला. मीच.”

हाताला माशाचा वास, कमरेला एप्रन. मी तो सोडायला गेले तर हे म्हणाले, “राहू दे. सगळे खोळंबलेत.”

वर पोचले आणि माझे पाय जागीच थांबले. ज्यांच्यासाठी मी जन्मभर रांधलं, ते सगळे इथे होते, गवताखाली, ओळीनं. समोर सगळं सोटगोल, आमचं छप्पर, माझ्या चुलीचा धूर. एवढं सगळं इथून दिसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भावजींनी बाजूला होऊन मला वाट दिली.

हेरिमचा प्याला सांगदो भावजींच्या थडग्यापुढे तसाच भरलेला होता. “अजून काही सांगितलं नाही बाबांना,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय कशी सांगू?”

मी ओतला. थोडी दारू गवतावर सांडली. मग हेरिम गुडघ्यांवर बसली, गळ्यातलं पदक जमिनीला टेकलं, आणि कुणाशी फोनवर बोलावं तसं ती साधं बोलली:

“बाबा, सगळी माणसं घरी पोचली. मीही आले.”

मग सगळे वाकले. पुरुषांनी दोनदा वाकायचं असतं, बायकांनी चारदा. ते सगळे आपले दोन नमस्कार उरकून उभे राहिले, आणि आम्ही दोघी तिसऱ्यांदा खाली गेलो, चौथ्यांदा गेलो. सगळं प्यो घराणं आमच्यासाठी टोप्या हातात धरून उभं होतं. चौथ्या वेळी माझे गुडघे धरले. मी तशीच खाली राहिले.

मागून ग्योंगसोक भावजींचा आवाज आला, आणि ह्या वेळी तो कुणाला मध्ये न घालता थेट होता.

“सांगमुन, बघत काय उभा राहिलायस? तिला हात दे की.”

आणि ह्यांनी सगळ्यांसमोर मला हात दिला.