डाव्या अंगाले बसा जी

सोमाजी खोब्रागडे एसटीत चौतीस वर्षं गाडी हाकून निवृत्त झाले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सोमाजींची तर रंगाच्या दुकानातच उघडी पडली. एका सिमेंट कारखान्याची जुनी कामगार-बस त्यांनी घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली, आणि रंगाऱ्यानं "कोणता रंग देऊ भाऊ?" विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "लाल." झालं. गोंडपिपरीपासून हेमलकशापर्यंत जिथे जावं तिथे रस्त्याकडेला हात वर. काही जण तर चढून, पिशवी मांडीवर घेऊन बसतही. समोर बायको अंजनाबाई भाजी फोडणीला टाकतेय, याचंही त्यांना काही वाटत नसे. हात दिसला की सोमाजींचा पाय आपोआप ब्रेकवर जाई आणि मग "हे एसटी नाई जी, घर हाय" असं समजावताना ते कानकोंडे होत.

मुलगी नंदिनी पुण्याच्या कंपनीचं काम या बसमधूनच करायची. कंपनीनं आता सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं होतं. तिनं हातापाया पडून एक संधी मिळवली: मंगळवारी अकराला तिच्या वरच्या मॅडमशी तासभर व्हिडिओवर बैठक. तुटली नाही तर खुशाल बसमधून काम कर. तुटली तर सोमवारी पुणे. सोमाजींनी पोरीला लहानपणी बहुतेक वेळा झोपलेलीच पाहिलं होतं. मुक्कामी गाडी, पहाटेची गाडी, त्यातच तिचं बालपण निघून गेलं. आता कुठे ती समोर बसून जेवत होती, आणि ती पुन्हा जाणार या विचारानं त्यांना घास गिळवत नव्हता.

म्हणून त्यांनी टपावर अँटेना लावला. दाराच्या, म्हणजे डाव्या बाजूला तोंड, आणि जिकडे तोंड तिकडचंच ऐकणारा. हलू नये म्हणून राजुऱ्याला नेऊन चक्क वेल्डिंग करून टाकला. "आता बापजन्मात हालत नाई," ते ऐटीत म्हणाले. तिथेच चुकलं.

मंगळवारी जिवतीच्या घाटमाथ्यावर, पलीकडचा टॉवर दाराच्या बाजूला येईल अशी गाडी उभी केली. साडेदहाला रेंजची एकच दांडी. गाडी पुढे घेतली, मागे घेतली. अँटेना टॉवरच्या डोक्यावरून आभाळ न्याहाळत होता आणि वेल्डिंग काही केल्या वाकत नव्हतं. सोमाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात बाजाराला निघालेली अकरा माणसं चढली. म्हातारे लटारूभाऊ पुढे, टोपलीत कोंबडा घेऊन गुणाबाई मागे. सगळी डावीकडच्या लांब पलंगावर ओळीनं बसली.

"उतरा जी, एसटी नाई हे," सोमाजी काकुळतीला आले.

"लाल त हाय," लटारूभाऊ म्हणाले.

"बाबा," नंदिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "चार दांड्या आल्या."

माणसं उतरली. एक दांडी. माणसं चढली. चार. गाडीच्या डाव्या स्प्रिंगांचे पाटे आधीच थकलेले; अकरा जणांच्या वजनानं ती त्या अंगाला कलली होती आणि अँटेना बरोबर टॉवरच्या तोंडाकडे बघत होता.

"बसा जी," सोमाजी म्हणाले. "फक्त डाव्या अंगाले बसा."

अकराला मॅडम आल्या. नंदिनी मान ताठ करून बोलू लागली. मागे अकरा माणसं लग्नातल्या फोटोला बसावं तशी बसली होती.

"गाडी कवा सुटते?" लटारूभाऊंनी हळूच विचारलं.

"कंट्रोलर साहेब आले का सुटते," सोमाजींनी चौतीस वर्षांचं पाठ उत्तर दिलं. अंजनाबाईंनी सगळ्यांना जागेवर चहा दिला.

साडेअकराला लटारूभाऊ तोंडातला खर्रा थुंकायला उठले आणि पडद्यावर मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सोमाजींनी लटारूभाऊंना हाताला धरून खाली ओढलं आणि स्वतःही शेजारी बसकण मारली. मॅडम हलल्या.

"खिडकीतून थुका जी," सोमाजी कुजबुजले, "पण बूड हालवू नका."

तेवढ्यात कोंबडा आरवला.

"नंदिनी, मागे कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

नंदिनी म्हणाली, "नेटवर्क टीम आहे, मॅडम."

मॅडमनी टीमला नमस्कार केला. टीमनं बसल्या जागी हात जोडले.

बारा वाजले. बैठक तुटली नव्हती. पुण्याला यायची गरज नाही, टीम मात्र अशीच ठेवा, असं मॅडम म्हणाल्या. सोमाजी खाली उतरून मागच्या चाकाशी उभे राहून रडले. मग तोंड धुऊन सगळ्यांना जिवतीच्या बाजारात सोडून आले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बस पुन्हा तिथेच लागली. माणसं वाट बघतच होती. आज चौदा होती. सोमाजींनी पुढच्या काचेवर खडूनं लिहिलं, 'जिवती. सुटण्याची वेळ: मॅडम गेल्यावर.'

आत अंजनाबाई पलंगाखाली झाडता झाडता गाडी उचलायच्या जॅकपाशी थांबल्या.

"अवो, उजवीकडून हा जॅक लावला त गाडी तशीच कलते ना? मंग एवढ्या माणसायले काऊन बसवून राह्यले?"

सोमाजींनी जॅककडे पाहिलं, मग नंदिनीकडे. ती कानावर यंत्र चढवून कधीचीच कामाला लागली होती.

"कालच सुचलं होतं मले," ते म्हणाले. "पोरगी राह्यली, लय बरं झालं. पन थे दिवसभर पुण्यासंग बोलते. मी कोनासंग बोलू, जॅकसंग?"

अंजनाबाईंनी जॅक पायानं आणखी आत सरकवला. सोमाजी दारात गेले आणि लटारूभाऊंना वर घ्यायला त्यांनी हात पुढे केला.